दिव्याखालची कोठडी

२०११ साली आलेल्या ‘डार्क सोल्स’ या जपानी व्हिडिओ गेममध्ये अगदी सुरुवातीलाच एक जागा लागते. पडक्या देवळाचं आवार, मधोमध धुमसणारी शेकोटी आणि तिच्या राखेत उभी खोचलेली एक पीळदार तलवार. त्या शापित मुलखात खेळाडूला जरा टेकायला मिळतं ते इथं. जखमा भरतात त्या इथं, आणि मेल्यावर पुन्हा डोळे उघडतात तेही सुरुवातीला बऱ्याचदा इथंच. मात्र पायऱ्या उतरून शेकोटीच्या खालच्या अंगाला गेलं, तर गजांआड अंगाचं मुटकुळं करून बसलेली एक बाई दिसते. ती या शेकोटीची राखणदार. देवाचं नाव तिच्या तोंडून पुन्हा विटाळू नये म्हणून तिची जीभ कापलेली आहे. पुढे कथेत एक सरदार तिचा खून करतो आणि वरची शेकोटी विझते. आपण इतका वेळ ऊब घेत होतो ती कोणाच्या जिवावर, हे खेळाडूला तेव्हा कळतं. ‘दिव्याखाली अंधार’ ही आपली म्हण या गेमच्या कारागिरांनी ऐकली असण्याचं काही कारण नाही, पण कोणी दगडामातीत बांधून काढावी तशी ती इथं उभी आहे.

फँटसी गेमांच्या दुनियेत प्रकाश सज्जनांचा आणि अंधार दुर्जनांचा, हा रिवाज एके काळी पक्का होता. आज तो बराच सैल झाला आहे. अनेक नावाजलेल्या गेमांच्या पुराणकथांमध्ये प्रकाश जुलूम करतो, अंधार आसरा देतो, किंवा दोघांपैकी कोणावरच डोळे मिटून भरवसा ठेवता येत नाही. हे कसं घडलं, याचं नेहमीचं उत्तर असं, की खेळणारी पोरं मोठी झाली, त्यांना काळं-पांढरं बाळबोध वाटू लागलं आणि गेम बनवणाऱ्यांनी करड्या रंगाचा माल बाजारात आणला. मला हे उत्तर अपुरं वाटतं. गेमांच्या पन्नासेक वर्षांच्या इतिहासाकडे नीट पाहिलं तर वेगळाच क्रम दिसतो. गेममधला पहिला प्रकाश ही एक वापरून संपणारी वस्तू होती. नीतीचं ओझं त्याच्यावर नंतर, बाहेरून आलं. आणि आज आपण जिला संदिग्धता म्हणतो, ती म्हणजे मधल्या काळात मिटून ठेवलेली ती जुनी हिशेबवही पुन्हा उघडणं आहे: दिवा जळतो तर तेल कोणाचं?

सुरुवात होते ती एका खऱ्याखुऱ्या गुहेतून. अमेरिकेतल्या केंटकी राज्यात मॅमथ केव्ह नावाचं गुहांचं प्रचंड जाळं आहे. विल क्राउदर हे संगणक प्रोग्रामर हौसेनं या गुहांची मोजणी करत आणि नकाशे बनवत. १९७० च्या दशकाच्या मध्याला त्यांनी आपल्या मुलींसाठी एक मजकुराचा खेळ लिहिला. त्यात चित्र नाही. गुहेचं वर्णन वाचायचं आणि एकदोन शब्दांत हुकूम द्यायचा. १९७७ मध्ये डॉन वुड्स यांनी तो वाढवला आणि ‘कोलोसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर’ म्हणून तो एका संगणकावरून दुसऱ्यावर पसरत गेला. या खेळात अंधार दुष्ट नाही. तो फक्त अंधार आहे, गुहेत असतो तसा. दिवा नसताना चालत राहिलात तर खड्ड्यात पडून मान मोडते, एवढंच. दिव्याची बॅटरी मात्र मोजून ३३० चालींपुरती. ती संपत आली की दिवा मंदावल्याची सूचना येते. भुलभुलैयात एका टोकाला बॅटरी विकणारं एक यंत्र आहे, पण त्यात नाणी टाकावी लागतात आणि नेमकी ती दुर्मीळ नाणी म्हणजे गुहेतल्या खजिन्याचाच एक भाग. उजेड विकत घ्यायचा तर मिळवलेल्या गुणांवर पाणी सोडायचं. गेमांच्या इतिहासातला हा बहुधा पहिला प्रकाशाचा व्यवहार, आणि तो किती चोख आहे पाहा. उजेड हवा, तर काहीतरी मोजून द्या. चांगुलपणाचा त्यात कुठे मागमूस नाही.

त्याच सुमारास एमआयटीतल्या काही तरुणांनी ‘झोर्क’ लिहायला घेतला. तिथं अंधाराला पहिल्यांदा दात फुटले. काळोखात पाऊल टाकलं की ‘ग्रू’ नावाचा, कधीच न दिसणारा प्राणी गट्टम करतो. खड्ड्याची जागा भक्षकानं घेतली, म्हणजे अंधारात कोणाचा तरी हेतू शिरला. पण ग्रूलासुद्धा पापी म्हणता येणार नाही. तो भुकेला आहे आणि उजेडाला भितो. खरी नीती आली ती दुसऱ्याच वाटेनं, पुस्तकांतून आणि टेबलावरच्या खेळांतून. टोल्किन यांच्या ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’मधली सावलीची भूमी आणि अंधारात उपयोगी पडणारी ताऱ्याच्या उजेडाची कुपी एका अख्ख्या पिढीच्या डोक्यात बसली होती. १९७४ मध्ये आलेल्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’नं प्रत्येक पात्राला बाजू निवडायला लावली. गंमत अशी, की त्या पहिल्या आवृत्तीत बाजू होत्या सुव्यवस्था, तटस्थता आणि अंदाधुंदी. पोल अँडरसन आणि मायकल मूरकॉक यांच्या कथांमधून आलेली ही वाटणी होती, आणि मूरकॉकच्या जगात तर एकट्या सुव्यवस्थेचं राज्य आलं तरी सगळं गोठून मरतं. सज्जन आणि दुर्जन हा दुसरा आस काही वर्षांनी जोडला गेला. टोल्किनचंही तसंच. त्यांच्या मृत्यूनंतर १९७७ मध्ये निघालेल्या ‘द सिल्मॅरिलियन’मध्ये पवित्र झाडांचा उजेड साठवलेल्या तीन रत्नांपायी भाऊ भावांचे गळे कापतात. म्हणजे ज्या साहित्याला गेमांनी आपलं माहेर मानलं, त्यात प्रकाशाचा लोभ हे मोठं पाप म्हणून लिहिलेलं होतं. गेमांनी उचलली ती कुपी. रत्नं तिथंच राहिली.

१९८६ च्या मे महिन्यात जपानमध्ये फॅमिकॉम या गेमयंत्रावर ‘ड्रॅगन क्वेस्ट’ आला. युजी होरिई यांच्या या खेळानं घराघरांत मुलांना वेड लावलं आणि पुढच्या कित्येक गेमांना साचा दिला. माझ्या युक्तिवादासाठी तो महत्त्वाचा आहे, कारण त्यात दोन्ही प्रकाश एकाच डबीत आहेत. गुहेत शिरलं की पडदा काळाठिक्कर होतो आणि दुकानातून विकत घेतलेली मशाल पेटवली की भोवतीची चार पावलं दिसतात. हा क्राउदरच्या गुहेतला जुना, हिशेबी प्रकाश. पण कथेच्या गाभ्यात आहे ‘प्रकाशाचा गोळा’. तो ड्रॅगनराजानं पळवला म्हणून राक्षस मोकाट सुटले. तो परत आणला की सगळं ठीक. हा गोळा कधी संपत नाही, काही मागत नाही, कोणाला जाळत नाही. मशालीला किंमत आहे आणि गोळ्याला नाही, या तफावतीकडे तेव्हा कोणाचं लक्ष गेलं नाही. शेवटच्या लढाईआधी ड्रॅगनराजा नायकाला अर्धं जग देऊ करतो. हो म्हटलं तर वाट्याला येतो तो अंधाराचा अर्धा भाग, आणि खेळ तिथंच संपतो. रिवाजाचं याहून सोपं रूप दाखवता येणार नाही. जगाचे दोन तुकडे, एक उजळ, एक काळा, आणि काळा तुकडा म्हणजे शिक्षा.

चारच वर्षांनी, एप्रिल १९९० मध्ये, त्याच फॅमिकॉमवर ‘फायनल फँटसी ३’ आला. हिरोनोबू साकागुची यांच्या मालिकेचा पहिला भाग, १९८७ चा, चार ‘प्रकाशयोद्ध्यां’चा होता आणि तिसऱ्यातही चार अनाथ मुलं प्रकाशाच्या स्फटिकांकडून शक्ती मिळवून अंधाराच्या लोंढ्याशी लढतात. इथवर सगळं रिवाजाला धरून. पण मधेच कळतं, की हजार वर्षांपूर्वी एक प्राचीन, बुद्धिमान संस्कृती होती. तिनं प्रकाशाच्या शक्तीचा अतिरेक केला, आणि जग प्रकाशाच्या महापुरात बुडायला निघालं. तेव्हा ते वाचवलं ते चार ‘अंधारयोद्ध्यां’नी. शेवटच्या लढाईत खेळाडू अंधाराच्या जगात जातो, तिथं हेच जुने योद्धे स्फटिकांजवळ भेटतात आणि मुलांना लढता यावं म्हणून आपला प्राण वेचतात. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मध्ये ज्याला हात लावायची चोरी होती, तो काळा तुकडा इथं भाऊबंद निघाला. त्यातही ‘महापूर’ हा शब्द नीट पाहण्यासारखा आहे. पूर पाण्याचा येतो, आणि पाणी वाईट म्हणून येत नाही, फार झालं म्हणून येतो. प्रकाशाची बाजू कोणती, हा प्रश्न मागे सरून प्रकाश किती, हा प्रश्न पुढे आला. हा खेळ जपानबाहेर अधिकृतपणे पोचला तो २००६ मधल्या नव्या आवृत्तीतून. म्हणजे तब्बल सोळा वर्षं बाकीच्या जगाला या वळणाची जवळजवळ खबरच नव्हती.

इथं एक आक्षेप येईल आणि तो वजनदार आहे. यिन आणि यांग यांचा तोल पूर्व आशियाच्या विचारात हजारो वर्षं मुरलेला आहे. जपानी गेमांनी तोच उचलला. तेव्हा गेमांच्या इतिहासात वेगळं काय शोधायचं? त्या विचाराचा रंग ‘फायनल फँटसी ३’वर आहे, हे मी नाकारत नाही. पण ‘ड्रॅगन क्वेस्ट’ही जपानीच होता आणि त्यात तोलाचा लवलेश नाही. शिवाय तोलाच्या कल्पनेत प्रकाश आणि अंधार ही दोन तत्त्वं असतात. गेममध्ये ती दोन यंत्रणा होतात. अमुक इतकी शक्ती, तमुक इतकं नुकसान, इतक्या वेळात संपणार. एखाद्या गोष्टीला आकडा लावला, की ती कमी पडू शकते, जास्त होऊ शकते, चोरता येते, कोणाकडून तरी ओरबाडता येते. १९९१ च्या ‘फायनल फँटसी ४’मध्ये सेसिल नावाचा कृष्णयोद्धा डोंगरावर जाऊन प्रकाशाचा योद्धा होतो. तिथं समोर उभी राहते त्याचीच काळी प्रतिमा, आणि खेळाडू सवयीनं तलवार चालवतो. पण ही लढाई वार करून संपत नाही. वार थांबवून, समोरचे घाव सोसत उभं राहिलं, की संपते. हे कथेत सांगितलं असतं तर उपदेश झाला असता. इथं तो नियम आहे, बोटांना शिकावा लागणारा. ही गोष्ट तोलाच्या तत्त्वज्ञानातून आपोआप येत नाही. ती खेळ रचणाऱ्याच्या हातातून येते.

दुसरा आक्षेप याहून जुन्या मातीतला. धर्म आणि महाकाव्यं यांनी ही उलथापालथ कधीच करून ठेवली आहे, असं कोणी म्हणेल. आपल्याकडचाच दाखला घेता येतो. वेदांतून पुढे आलेल्या परंपरेत देव पूज्य आणि असुर त्यांचे वैरी. इराणच्या अवेस्तेत ‘अहुर’ हा परमेश्वर आणि ‘दएव’ हे दुष्ट. एकाच कुळातले दोन शब्द सीमेच्या दोन बाजूंना उलटे टांगलेले. पण नावं उलटली तरी प्रकाश कुठेच उलटला नाही. दोन्हीकडे तो शुभच राहिला. पक्ष बदलले, दिवा तोच. म्हणून गेमांनी विचारलेला प्रश्न मला जुन्या प्रश्नाची नक्कल वाटत नाही. उलट पारशी परंपरेत एक गोष्ट आहे जी या चर्चेत फार उपयोगी पडते. मुंबईत चार आतश बेहराम आहेत आणि तिथला पवित्र अग्नी अखंड तेवता ठेवला जातो. दिवसाच्या पाचही प्रहरांना दस्तुरजी त्याला लाकूड अर्पण करतात. अग्नी आपोआप अखंड राहत नाही, त्याला कोणीतरी वेळेवर, स्वतःच्या हातानं, सन्मानानं जळण द्यावं लागतं, हे तिथं विधीतच सांगितलेलं आहे. जळण मागणं हा अग्नीचा दोष नव्हे. प्रश्न उठतो तो जळण काय आहे आणि ते कोणी ठरवलं, इथं.

अमेरिकी गेम याच प्रश्नाला वेगळ्या वाटेनं भिडले. ‘वॉरक्राफ्ट’ मालिका १९९४ ची. तिच्यात ‘पवित्र प्रकाश’ हा धर्मयोद्ध्यांचा आधार. २००२ च्या तिसऱ्या खेळात राजपुत्र आर्थस हा असाच योद्धा, पण रोगाची लागण झालेलं एक अख्खं शहर तो कापून काढतो, आणि तेव्हा प्रकाश त्याला अडवत नाही. अडवू पाहतो तो त्याचा गुरू. २००४ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आला, आणि २००७ च्या पुरवणीत एक फार विलक्षण कल्पना पुढे आली. ‘नारू’ हे निखळ प्रकाशाचे जीव. रक्त-एल्फ नावाच्या जमातीनं त्यांच्यातल्या एकाला, मुरूला, राजधानीत बांधून ठेवलं आणि त्याचा प्रकाश शोषून आपले धर्मयोद्धे तयार केले. या योद्ध्यांचा प्रकाश इतरांच्या प्रकाशासारखाच झळकतो, तितकाच जखमा भरतो. पुढच्या वर्षी खेळाडू मुरूसमोर उभा राहतो तेव्हा तो पार रिकामा होत आलेला असतो, आणि लढता लढता तो पोकळीचा, अंधाराचा जीव होतो. अंधार इथं शत्रूच्या देशातून आलेला नाही. प्रकाश उपसून संपवला की खाली जे उरतं, ते म्हणजे अंधार. २०१७ मध्ये याच मालिकेत झेरा नावाची नारू इलिडन या बदनाम, अर्ध्या राक्षस झालेल्या योद्ध्याला पवित्र करू पाहते. तो नको म्हणतो. ती जबरदस्ती करते. तो तिला नष्ट करतो. त्या प्रसंगात प्रकाश खोटा नाही, तोतया नाही, भ्रष्टही झालेला नाही. तो अस्सल आहे, आणि तरीही त्याला ‘नको’ ऐकता येत नाही. माझ्या मते ‘वॉरक्राफ्ट’च्या साऱ्या लांबलचक पसाऱ्यात याहून नेमकं काही लिहिलं गेलेलं नाही.

आता पुन्हा ‘डार्क सोल्स’कडे. फ्रॉमसॉफ्टवेअर या कंपनीत हिदेताका मियाझाकी यांच्या दिग्दर्शनाखाली हा खेळ झाला. लहानपणी इंग्रजी फँटसी पुस्तकं पूर्ण न कळता वाचायची आणि गाळलेल्या जागा कल्पनेनं भरायच्या, असं मियाझाकींनी स्वतःबद्दल सांगितलं आहे, आणि त्यांच्या खेळाची कथाही तशीच आहे; अंगठीच्या, हाडाच्या, तलवारीच्या दोन-तीन ओळींच्या वर्णनांतून वेचावी लागते. तिची सुरुवात अशी: आधी सगळं करडं होतं. उजेड नाही, अंधारही नाही. मोठी झाडं आणि अमर ड्रॅगन. मग पहिला अग्नी पेटला आणि त्याच्याबरोबर भेद आले. ऊब आणि गारठा, जीवन आणि मृत्यू, प्रकाश आणि अंधार. म्हणजे अंधार हा प्रकाशाचा जुळा भाऊ आहे, त्याच्या आधीचा वैरी नाही. ग्विन या सूर्यदेवानं त्या अग्नीतून सामर्थ्य घेऊन ‘अग्नीचं युग’ उभारलं. माणसांच्या पूर्वजाला सापडला तो काळा आत्मा. अग्नी विझू लागला तेव्हा ग्विन स्वतः सरपण झाला, आणि त्याचे सरदार त्या ज्वाळेत राख होऊन काळे पुतळे बनून जगभर भटकत राहिले. खेळाडूनं ग्विनची जागा घ्यावी, ही त्याच्यापुढे ठेवलेली ‘नियती’. शेकोट्या कशावर जळतात, हे एका हाडाच्या वर्णनात सांगून टाकलं आहे: शापित मृतांच्या अस्थींवर. कोलोसल केव्हच्या यंत्रात नाणी पडत होती. इथं माणसं पडतात.

सूर्यदेवांची राजधानी अ‍ॅनोर लोंडो ही या खेळातली सर्वांत देखणी जागा. अंधाऱ्या किल्ल्यातून सुटून खेळाडू तिथं पोचतो तेव्हा संगमरवरी मनोऱ्यांवर मावळतीचं सोनं पसरलेलं असतं. आत सूर्यकन्या ग्विनेव्हिअर आडवी पहुडलेली. ती वत्सल आहे, मृदू बोलते, खेळाडूला पवित्र पात्र देते आणि ग्विनचा वारस व्हायला सांगते. तिच्यावर बाण चालवावा असं शहाण्या माणसाच्या मनात येणार नाही. ज्यानं चालवला, त्याला दिसतं की ती विरून जाते, खिडकीबाहेरचा सूर्य जातो आणि अख्खं शहर निळ्या-काळ्या रात्रीत बुडतं. देव कधीचे निघून गेले होते. मागे राहिलेला ग्विनचा धाकटा मुलगा बहिणीची प्रतिमा आणि आकाशातलं ऊन, दोन्ही मायेनं टिकवून होता. ज्या प्रकाशानं आज्ञा दिली, तो प्रकाशच नव्हता. दुसऱ्या बाजूला काथे नावाचा सर्प आहे, तो सांगतो की अग्नी विझू दे, माणसाचं युग येऊ दे. पण तो भेटतो फक्त त्याला, जो ठरलेल्या क्रमाबाहेर जाऊन बुडवलेल्या न्यू लोंडोत उतरतो. पुष्कळ खेळाडूंना पहिल्या फेरीत दुसरी बाजू ऐकायलाच मिळत नाही. आणि ते न्यू लोंडो तरी काय? अंधाराची लागण झाली म्हणून रक्षकांनी पाणी सोडून रहिवाशांसकट बुडवलेलं शहर. खेळाडू दार उघडून पाणी उतरवतो तेव्हा तळाशी प्रेतांचे ढीग दिसतात. काथेचा शब्दही म्हणून धुतल्या तांदळासारखा नाही; ज्या चार राजांना त्यानं फितवलं, त्यांचंच हे शहर.

‘फायनल फँटसी ३’चं सूत्र पुन्हा हाती घेतलं ते ‘फायनल फँटसी १४’नं. २०१३ मध्ये नव्यानं उभा राहिलेला हा ऑनलाइन खेळ सुरुवातीला सरळ होता. खेळाडू म्हणजे प्रकाशाचा योद्धा. मग दुसऱ्या एका जगातून ‘अंधारयोद्धे’ आले आणि २०१६ मध्ये त्यांची कहाणी उघड झाली. ते आपल्या जगाचे नायकच होते. त्यांनी अंधाराच्या दूतांना इतकं पुरतं हरवलं, की तोल सुटला आणि प्रकाशाच्या महापुरानं त्यांचं जग पुसत आणलं. म्हणजे ‘ड्रॅगन क्वेस्ट’चा सुखान्त हीच इथं आपत्तीची सुरुवात. २०१९ च्या ‘शॅडोब्रिंगर्स’मध्ये खेळाडू त्या उरल्यासुरल्या मुलखात जातो. नात्सुको इशिकावा यांनी प्रामुख्यानं लिहिलेल्या या भागात आकाश चोवीस तास पांढरं भगभगीत असतं. शंभर वर्षांत तिथं रात्र झालेली नाही. प्रकाश गोठवतो, त्यानं पछाडलेली माणसं पांढरी, पंख असलेली भक्षक होतात. युलमोर नावाच्या श्रीमंत शहरात लोक चैनीत राहतात आणि एक पांढरं अन्न खातात. ते त्याच भक्षकांच्या मांसाचं केलेलं असतं. या भक्षकांचा म्होरक्या असलेला पहिला प्रकाशपाल मारल्यावर पांढरं आकाश फाटतं आणि तारे दिसतात. गावचे लोक, पहारेकरी, सगळे काम सोडून नुसते वर बघत उभे राहतात. मात्र मारलेल्या प्रत्येक प्रकाशपालाचा प्रकाश खेळाडूच्या अंगात साठत जातो आणि शेवटी त्याचा देह तडकू लागतो. रात्र परत आणण्याचीही किंमत आहे, आणि ती कोणाच्या तरी शरीरावर वसूल होते. ‘डार्क सोल्स’ आणि ‘फायनल फँटसी’ ही दोन मोठी मालिका-घराणी, एकमेकांशी काही संबंध नसताना, त्याच हिशेबापाशी येऊन थांबली, हा योगायोग मला वाटत नाही.

यावर म्हटलं जाईल की हा सारा बाजाराचाच खेळ आहे. काळी शक्ती आकर्षक दिसते आणि विकली जाते. काही ठिकाणी ते खरंही आहे. ‘डेस्टिनी’ २०१४ मध्ये प्रकाशाच्या रक्षकांचा खेळ म्हणून आला आणि २०२० च्या पुरवणीत त्या मालिकेनं त्याच रक्षकांच्या हाती अंधाराची, बर्फासारखी गोठवणारी शक्ती दिली. नवी शक्ती म्हणजे नवा माल, हे उघड आहे. पण २०२२ मध्ये त्याच मालिकेनं प्रकाश शत्रूच्या हाती दिला आणि रक्षकांना विचारात पाडलं, की आपल्याला तो मिळाला तो आपण चांगले म्हणून, की नुसताच मिळाला? बाजारानं ढकललेल्या दारातूनही कधी कधी खरा प्रश्न आत येतो. याहून गंभीर तक्रार अशी, की अशा कथा चांगलं-वाईट हा भेदच पुसून टाकतात आणि कोवळ्या वयाच्या मुलांना सगळं सारखंच असं शिकवतात. ही तक्रार करणाऱ्यांची कळकळ मला पटते, निष्कर्ष पटत नाही. न्यू लोंडोचं पाणी उतरल्यावर ते ढीग पाहून कोणाला सगळं सारखंच वाटत नाही. मुरूला बांधून शोषणं, झेराची जबरदस्ती, जीभ कापलेली राखणदार, युलमोरचं अन्न: हे सगळे अपराध आहेत आणि ते अपराध म्हणूनच दाखवले आहेत, बहुधा जुन्या गेमांपेक्षा जास्त कठोरपणे. फरक इतकाच की अपराध करणाऱ्याच्या अंगावरचा रंग आता खेळाडूला उत्तर देत नाही. ‘ड्रॅगन क्वेस्ट’मधल्या मुलाला राक्षस काळा दिसला की काम भागत होतं. ‘डार्क सोल्स’मधल्या मुलाला पायऱ्या उतरून खाली बघावं लागतं.

ग्विन भेटतो तो राखेच्या दरीत. पूर्वीचा सूर्यदेव आता भ्रमिष्ट म्हातारा आहे. लढाईचं संगीतही जयघोषाचं नाही, एकट्या पियानोचं उदास वाजणं. तो पडल्यावर शेकोटी उरते. आजवर डझनावारी वेळा केलं तेच करायचं, तिच्याकडे हात पुढे करायचा. या वेळी मात्र खेळाडू स्वतः पेटतो. किंवा पाठ फिरवून बाहेर जायचं, आणि मग अंधारात सर्प माना झुकवतात. यातला चांगला शेवट कोणता, हे खेळ सांगत नाही. २०१६ च्या तिसऱ्या भागात हे चक्र इतक्या वेळा फिरलेलं असतं, की जग राखेनं भरलं आहे आणि ज्यांनी सरपण व्हायचं ते सिंहासनं सोडून पळाले आहेत. तिथंही एक राखणदार आहे. तिचे डोळे झाकलेले, कारण राखणदारांनी बघायचं नाही. खेळाडूनं तिला एका जुन्या राखणदाराचे डोळे आणून दिले तर तिला अग्नी नसलेलं जग दिसतं, आणि शेवटी तिला बोलावलं तर ती अखेरची ज्योत दोन्ही तळव्यांत उचलून घेते. ज्योत लहान होत जाते, पडदा काळा होत जातो. ती म्हणते की अंधार होईल, पण कधीतरी त्यात पुन्हा इवल्या ज्योती दिसतील. मग काहीच दिसेनासं होतं आणि त्या काळोखातून तिचा आवाज येतो. ती विचारते, तुला मी अजून ऐकू येते ना?